मुलाची अडत, वडिलांची खुर्ची: एका बाजार समितीतल्या परवाना निलंबनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीचे आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. निर्णय कसे झाले आणि कुठे अडले, तेवढे जसेच्या तसे ठेवले आहे.

यार्डात ट्रॅक्टर उभा करणाऱ्याला समिती म्हणजे नुसता बाजार वाटतो. कायद्याने ती नियामक संस्था आहे. महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (विकास व विनियमन) अधिनियम १९६३ चा, त्याखालचे नियम १९६७ चे. यार्डात अडत (शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणे) कोणी करायची, खरेदी कोणी करायची, माल कोणी तोलायचा, हे ठरवणारा परवाना समिती देते (कलम ७). तोच परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकारही तिचाच (कलम ८), आणि त्याआधी परवानाधारकाला म्हणणे मांडायची संधी देणे बंधनकारक. सेस (बाजार शुल्क) वसूल करणे, हर्रास (लिलाव) चालवणे, काट्यावर नजर ठेवणे ही रोजची कामे.

अशा संस्थेत निर्णय घेणारे अठरा संचालक निवडून येतात. सेवा सहकारी सोसायट्यांच्या गटातून ११, ग्रामपंचायत गटातून ४, अडते-व्यापाऱ्यांतून २ आणि हमाल-मापाऱ्यांतून १. म्हणजे ज्यांच्यावर नियमन करायचे त्यांतले तिघे नियमन करणाऱ्यांच्या रांगेतच बसतात. ही चूक नाही, कायद्याने जाणूनबुजून दिलेले प्रतिनिधित्व आहे. त्याचा तोल राहावा म्हणून पंधरा जागा शेतकऱ्यांच्या. आणि शेतकरी कोण, याची व्याख्या कायद्यात नेमकी आहे: स्वतः किंवा मजुरांकरवी शेती करणारा तो शेतकरी, पण शेतमालाचा व्यापार किंवा दलाली करणारा त्यात धरायचा नाही, मग त्याच्या नावावर कितीही सातबारे असोत.

ज्या संचालकांभोवती हे प्रकरण फिरते त्यांना आपण भाऊ म्हणू. २०२३ च्या उन्हाळ्यात राज्यभरच्या बाजार समित्यांच्या निवडणुका झाल्या, त्यात ते सोसायटी गटातून निवडून आले. बागायत शेती, गावच्या सोसायटीत वर्षानुवर्षे वजन, माणूस शब्दाचा. त्यांच्या स्वतःच्या नावावर अडतीचा परवाना कधीच नव्हता. परवाना होता मुलाच्या नावावर. घर एक, गोदाम एक, आणि फर्मची पाटी ज्या गाळ्यावर लागलेली तो गाळाही भाऊंनी पूर्वी भाड्याने घेतलेला. अर्ज भरताना कोणी हरकत घेतली नाही. घेतली असती तरी टिकली असती का, याबद्दल मला शंका आहे, कारण व्याख्या व्यक्तीची आहे, कुटुंबाची नाही.

निवडून आल्यावर उपसमित्या वाटल्या गेल्या. भाऊ परवाना उपसमितीत आले. पाच जणांची उपसमिती, कोरम तिघांचा. त्यात अडते-व्यापारी गटातले दोन्ही संचालकही होते, कारण ‘त्यांना त्यातलं कळतं’. वाटपाच्या वेळी कोणालाच वावगे वाटले नाही.

चुकारे थकले

२०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल जाहीर झाला होता. यार्डातला भाव त्याच्या बराच खाली होता. हमीभावाच्या केंद्रावर माल द्यायचा तर ऑनलाइन नोंदणी, मग मेसेजची वाट आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत. ओलाव्याची ही अट नोव्हेंबरात १५ टक्क्यांपर्यंत सैल झाली, पण तोवर दिवाळी होऊन गेली होती. ज्यांना सणाला, मजुरीला आणि हरभऱ्याच्या पेरणीला पैसा हवा होता, त्यांनी माल आधीच यार्डात टाकला होता.

भाऊंच्या मुलाच्या अडतीवर तीसेक शेतकऱ्यांचे चुकारे, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, अडकले. नियमाप्रमाणे पैसा मालाच्या विक्रीच्या दिवशीच मिळायला हवा. इथे ‘आठ दिवसांनी या’ सुरू झाले. फर्मचे म्हणणे, सोयाबीन घेणाऱ्या प्लँटवाल्याने मोठा लॉट उचलला आणि पेमेंट थांबवले. हे खरे होते, कागद पाहिल्यावर तेही दिसले. पण शेतकऱ्याचा व्यवहार प्लँटशी नव्हता.

शेतकरी काटापट्ट्या आणि हिशोबपट्ट्या घेऊन सचिवांकडे आले. एकाचे वाक्य पुढे अर्जातही उतरले: “लायसन तुमीच देलं, आता पैसेही तुमीच काढून द्या.” समितीच्या साऱ्या जबाबदारीचा सारांश त्यात आला, असे मला वाटते.

पहिली सभा

विषय मासिक सभेत आला, पण अजेंड्यावर नाही. ‘ऐनवेळी येणाऱ्या विषयांत’ आला. भाऊ हजर होते. ते एक शब्द बोलले नाहीत, हे सर्वजण सांगतात आणि मला त्यावर विश्वास ठेवायला अडचण नाही. बोलायची गरजच नव्हती. समोर माणूस बसलेला असताना ‘तुमच्या पोराचा परवाना निलंबित करा’ असे कोण म्हणणार? कोणीतरी पंधरा दिवसांची मुदत सुचवली, दुसऱ्याने अनुमोदन दिले, चहा आला. प्रोसिडिंग बुकात नोंद झाली: ‘सखोल चर्चेअंती सर्वानुमते ठरले की, संबंधित फर्मला चुकारे अदा करण्यासाठी १५ दिवसांची मुदत देण्यात यावी.’ हजेरीत भाऊंची सही.

मुदत संपली. थोडेफार पैसे वाटले गेले, तेही ओळखीच्यांना आधी. मग शेतकऱ्यांपैकी एका शिकलेल्या पोराने माहिती अधिकारात ठरावाची नक्कल काढली. ‘सर्वानुमते’ हा शब्द आणि खालची सही असा फोटो तालुकाभरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरला. दोन तक्रारी झाल्या: एक समितीकडे, फर्मचा परवाना निलंबित करा म्हणून, दुसरी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे, भाऊ शेतकरी नसून व्यापारी आहेत, त्यांचे संचालकपद रद्द करा म्हणून.

इथपासून प्रश्न थकीत पैशांचा राहिला नाही. समितीने घेतलेला कोणताही निर्णय आता टिकेल का, हा प्रश्न झाला.

समोरचे पर्याय

सभापतींनी सचिव, समितीचे वकील आणि दोन ज्येष्ठ संचालकांना बसवले. मी त्या बैठकीसाठी कागद तपासले होते. चर्चेत चार वाटा निघाल्या.

पहिली वाट सर्वांना आवडणारी: भाऊंनी पदरचे पैसे घालून चुकारे मिटवावेत आणि शेतकऱ्यांनी तक्रारी मागे घ्याव्यात. गावात बहुतेक भानगडी अशाच मिटतात. शेतकऱ्यांनाही चाललीच असती. अडचण अशी की ठराव जागेवरच राहिला असता, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या फर्मने ‘भाऊंच्या पोराला मुदत दिली, आम्हाला का नाही’ असे विचारले असते तर समितीकडे उत्तर नव्हते.

दुसरी वाट, अपात्रतेच्या तक्रारीचा निकाल लागेपर्यंत थांबायचे. ही वाट वरून सभ्य दिसते. प्रत्यक्षात तिचा अर्थ सीझन संपेपर्यंत काहीच करायचे नाही. शिवाय दोन प्रश्न एकात गुंतवले जात होते. भाऊ संचालक राहू शकतात का, हा एक प्रश्न. या विषयावर ते सभेत बसू शकतात का, हा वेगळाच. पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले तरी दुसऱ्याचे ‘नाही’ येऊ शकते. दोन्ही बाजू नेमके हेच विसरत होत्या. विरोधक म्हणत, पद घालवा म्हणजे प्रश्न मिटला. समर्थक म्हणत, पद कायदेशीर आहे मग बसले तर काय बिघडले?

तिसरी वाट, प्रकरण वर सोपवायचे: कलम ४० खाली चौकशी व्हावी अशी समितीनेच विनंती करायची. कायद्याच्या दृष्टीने ही सर्वात स्वच्छ. पण सभागृहात ‘चौकशी’ म्हटले की सर्वांच्या डोळ्यांपुढे कलम ४५, बरखास्ती आणि प्रशासक उभा राहतो. ज्या गटाने निवडणूक हरली तो या क्षणाची वाट पाहत असतो. ही भीती अगदीच खोटी नव्हती, आणि फक्त खुर्चीची होती असेही नाही. प्रशासक आला की शेतकऱ्याला रोज दार ठोठावता येईल असा माणूस राहत नाही.

चौथी वाट: समितीनेच निर्णय घ्यायचा, पण नव्याने, नोटीस देऊन, हितसंबंध असलेल्यांना बाहेर ठेवून. हीच निवडली. ती सोपी नव्हती, कारण ‘हितसंबंध असलेले’ मोजायला बसल्यावर यादी एका नावावर थांबेना.

कोणी उठायचे?

या प्रकरणात शिकण्यासारखे सर्वात जास्त याच ठिकाणी आहे.

भाऊंनी उठायचे, हे उघड. ग्रामपंचायतीत सदस्याने आडून ठेका घेतला तर १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातल्या कलम १४ खाली सदस्यत्व जाते, हे गावातल्या पोरासोरांनाही माहीत असते. बाजार समितीच्या सभेत तो विचार कोणाच्या डोक्यात येत नाही, कारण इथे पैसा ठेक्याच्या बिलातून नाही, परवान्यातून येतो.

मग अडते-व्यापारी गटातले दोघे. एकाची फर्म भाऊंच्या मुलाच्या गाळ्याच्या समोरची. मुलाची फर्म बंद पडली तर शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर याच्याकडे वळणार. दुसऱ्याचे त्या फर्मशी जुने उधारीचे खाते, आणि त्यातली देणी-घेणी अजून मिटलेली नव्हती. पहिल्याला निलंबनात फायदा, दुसऱ्याला मुदतीत. हितसंबंध म्हटले की आपण फक्त वाचवणाऱ्याकडे बघतो. बुडवण्यात ज्याचा फायदा आहे तोही तितकाच अडचणीचा.

पाचपैकी तिघे उठले तर उपसमितीत दोन उरतात. कोरम मोडतो. इथे फर्मच्या बाजूने एक चतुर मुद्दा आला: कोरम होत नसेल तर नाइलाज म्हणून सर्वांनी बसावे, कायद्यात ‘अपरिहार्यते’चे तत्त्व आहेच. तत्त्व आहे, पण केव्हा? जेव्हा निर्णय घेणारा दुसरा कोणीच उपलब्ध नसतो. १९८४ मध्ये ओडिशातले एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांसाठी पुस्तके निवडणाऱ्या समितीत ज्यांची पुस्तके विचारात होती असे लेखकच सदस्य होते. आपल्या पुस्तकाच्या वेळी तो लेखक बाजूला बसला तरी उपयोग नाही, असे न्यायालयाने म्हटले, कारण आज तू माझे कर, उद्या मी तुझे करतो, ही शक्यता उरतेच. आणि लेखक नसलेले सदस्य नेमता येत असताना अपरिहार्यतेचा आधार घेता येत नाही.

इथे तर पूर्ण समिती होती. अठरांतले तीन उठले तरी पंधरा राहतात. म्हणून विषय उपसमितीकडून काढून विशेष सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचे ठरले. हा निर्णय साधा वाटतो, पण पुढे सर्व त्यावर टिकले.

राहिला प्रश्न, सांगायचे कोणी? सचिव समितीचा नोकर. ज्यांना ‘तुम्ही बाहेर बसा’ म्हणायचे, तेच त्याच्या रजेपासून पदोन्नतीपर्यंत सगळ्यावर मत देणारे. त्यांनी तोंडी सांगणे टाळले. अजेंड्यासोबत एक टिपण जोडले: या विषयात ज्यांचा स्वतःचा, कुटुंबाचा किंवा व्यवहाराचा संबंध आहे त्यांनी सभेपूर्वी लेखी कळवावे, आणि वकिलांचे मत सोबत जोडले आहे. टिपण अठराही जणांना गेले. कोणाकडे बोट दाखवले नाही, त्यामुळे कोणाला रुसायलाही जागा उरली नाही. समोरच्या गाळ्याच्या संचालकांनी तरी फोन करून विचारलेच, “मले काहून पाठवलं हे?” उत्तर मिळाले, “सगळ्यांनाच गेलं आहे साहेब.” दोन दिवसांनी त्यांचे पत्र आले.

काय केले

आधी पहिला ठराव. तो ‘दुरुस्त’ करून भाऊंचे नाव वगळावे, अशी सूचना एका संचालकाने केली होती. सचिवांनी ती स्पष्टपणे फेटाळली, आणि बरोबर केले. झालेली हजेरी खोडता येत नाही. खोडली तर ते वेगळेच प्रकरण होते. विशेष सभेत पहिला ठराव रद्द करण्याचा नवा ठराव झाला, कारणासह: विषय अजेंड्यावर नव्हता आणि संबंधित संचालक सभेत उपस्थित होते.

मग फर्मला कलम ८ खाली कारणे दाखवा नोटीस. त्यात शेतकरीनिहाय थकबाकीचा तक्ता जोडला. मोघम ‘अनेक शेतकऱ्यांचे चुकारे’ असे लिहिले असते तर सुनावणीत पहिल्याच प्रश्नाला अडले असते. फर्मच्या वतीने मुलगा आणि त्याचा वकील आले. म्हणणे लेखी घेतले.

सुनावणीच्या दिवशी भाऊ, समोरच्या गाळ्याचे संचालक आणि उधारी खात्याचे संचालक सभागृहाबाहेर होते. बाहेर म्हणजे खरोखर बाहेर: शेजारच्या सचिवांच्या केबिनमध्येही नाही, कारण तिथून आवाज ऐकू येतो आणि मधले दार उघडे असते. प्रोसिडिंग बुकात असे लिहिले गेले:

‘विषय क्र. ३ सुरू होण्यापूर्वी तीन संचालकांनी आपला संबंध असल्याचे लेखी कळवले (पत्रे सोबत जोडली आहेत). दुपारी नमूद वेळेस ते सभागृहातून बाहेर गेले. विषयाची चर्चा, सुनावणी व मतदान त्यांच्या अनुपस्थितीत झाले. विषय संपल्यावर नमूद वेळेस ते परत आले. उरलेल्या संचालकांची संख्या कोरमसाठी पुरेशी होती.’

‘सर्वानुमते’ लिहिले नाही. बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती, हे आकडे लिहिले. दोघांनी विरोधात मत दिले, त्यांची कारणेही नोंदली. परवाना निलंबित झाला.

निष्पत्ती

फर्मने वरच्या अधिकाऱ्याकडे अपील केले. अपिलात पक्षपाताचा मुद्दा उचलला, तोही मजेशीर उलटा: समोरच्या गाळ्याच्या संचालकाने डाव साधला. त्याचे बाहेर जाण्याचे पत्र आणि वेळेची नोंद दाखवल्यावर मुद्दा तिथेच संपला. निलंबन कायम राहिले.

पैसा मात्र ठरावाने आला नाही. समितीकडे असलेली फर्मची बँक गॅरंटी वापरली, ती थकबाकीच्या मानाने तोकडी निघाली. उरलेले भाऊंनी जमिनीवर कर्ज काढून भरले, हप्त्यांत, आणि एकदाही तोंडावर तक्रार आणली नाही. ज्यांच्याकडे समितीच्या काट्याची पट्टी होती त्यांचे मिटले. चार-पाच जणांचा माल गावात खळ्यावरच मोजला गेला होता, चिठ्ठी होती ती फर्मच्या वहीतल्या कोऱ्या पानाची. त्यांच्यासाठी समितीला फारसे काही करता आले नाही. या प्रकरणात सर्वात जास्त तेच बुडाले, आणि सभेतल्या एवढ्या सगळ्या नीटनेटकेपणाचा त्यांना काही उपयोग झाला नाही.

भाऊंच्या पात्रतेची तक्रार हे लिहीपर्यंत निकाली निघालेली नाही. परवाना उपसमितीतून त्यांनी स्वतःहून राजीनामा दिला. संचालक आहेत.

वेगळे काय करता आले असते

सर्वात स्वस्त संधी निवडणुकीनंतरच्या पहिल्या सभेत होती. उपसमित्या वाटताना प्रत्येकाकडून एक पान भरून घेतले असते: यार्डात तुमचा, घरच्यांचा परवाना आहे का, गाळा कोणाच्या नावावर, कोणत्या फर्मशी उधारी. एवढ्याने भाऊ आणि दोन्ही व्यापारी एकाच उपसमितीत एकत्र आले नसते. समितीने आता असे रजिस्टर केले आहे. त्यात सुरुवातीला ‘कुटुंब’ या रकान्यात सर्वांनी ‘निरंक’ लिहून दिले. सचिवांनी रकाना बदलला आणि ‘पत्नी/पती, मुले, सुना, जावई, भाऊ, पुतणे यांपैकी कोणाच्या नावे परवाना आहे का’ असा थेट प्रश्न घातला, तेव्हा कुठे नावे आली.

परवान्यासंबंधी काहीही ‘ऐनवेळच्या विषयांत’ घ्यायचे नाही, हा नियम तेव्हाच असता तर पहिली सभा घडलीच नसती. बँक गॅरंटी फर्मच्या मागच्या वर्षीच्या उलाढालीला जोडलेली असती तर भाऊंना शेत गहाण ठेवावे लागले नसते. हे बोलायला सोपे आहे; प्रत्येक वेळी हा विषय निघाला की व्यापारी हर्रास बंद ठेवण्याची भाषा करतात, आणि बंद हर्रासाचा पहिला फटका पुन्हा ट्रॅक्टर घेऊन आलेल्यालाच बसतो.

एका मुद्द्यावर माझे आणि समितीचे मत अजून जुळलेले नाही. परवान्यांचे नूतनीकरण आले तेव्हा सर्व अडत्यांची यादी एकाच ठरावात होती. मुलाच्या फर्मचा विषय वेगळा काढला, त्या वेळी भाऊ बाहेर गेले, आणि बाकीच्या यादीसाठी परत येऊन बसले. समितीला हे पुरेसे वाटले. मला वाटत नाही. भारतीय वन सेवेच्या पहिल्या निवडीत जम्मू-काश्मीरचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक निवड मंडळावर होते आणि स्वतः उमेदवारही होते. स्वतःचे नाव आले तेव्हा ते बाजूला झाले, पण प्रतिस्पर्ध्यांची नावे आली तेव्हा बसले. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ती निवड रद्द केली, कारण पक्षपात झालाच हे सिद्ध होण्याची गरज नाही, तो होण्याची वाजवी शक्यता पुरेशी आहे. यार्डातले बाकीचे अडते हे त्या मुलाचे प्रतिस्पर्धीच आहेत. समितीचे वकील म्हणतात, तिथे जागा मोजक्या होत्या, इथे परवान्यांना मर्यादा नाही, एकाला मिळाला म्हणून दुसऱ्याचा जात नाही. मुद्दा बिनतोड नसला तरी हलका नाही. माझे उत्तर एवढेच, की परवान्यांना मर्यादा नसेल, गाळ्यांना आहे. आणि ज्याचे नूतनीकरण अडेल त्याचा गाळा कोणाकडे जाईल, हेही हेच संचालक ठरवणार आहेत. पुढच्या नूतनीकरणाला यादी दोन भागांत मांडावी आणि अडत्यांच्या पूर्ण भागाला भाऊंनी बाहेर राहावे, असे मी लेखी कळवले आहे. अजेंडा अजून निघालेला नाही.